शिझुओकांतील एक दिवस



जपानला जाऊन आलेल्या मनुष्यानें टोकियोचे झगझगीत रस्ते, क्योतोचीं मंदिरें किंवा फुजी पर्वताचें हिमाच्छादित शिखर यांविषयीं बोलावें, अशी श्रोत्यांची साहजिकच अपेक्षा असते. मी आज ज्या शहराविषयीं बोलणार आहें, तें प्रवाशांच्या हमरस्त्यावर असूनहि बहुतेकांच्या दृष्टीआड राहतें. टोकियोहून ओसाकाकडे धांवणाऱ्या शिन्कान्सेन गाड्यांपैकीं सर्वांत वेगवान् अशी जी नोझोमी, ती येथें थांबतहि नाहीं. तिच्यापेक्षां थोड्या मंद अशा हिकारी गाडीनें सुमारें तासाभरांत आम्ही उभयतां तेथें उतरलों. या शहराचें नांव शिझुओका.

आम्ही तेथें कां गेलों, हें प्रथम सांगितलें पाहिजे. माझ्या यजमानांना लहानपणापासून प्रतिकृती जोडण्याचा छंद आहे. जहाजें, विमानें, रणगाडे यांचे सुटे भाग पेटींतून काढावयाचे, कानशीनें घासावयाचे, चिकटवावयाचे आणि रंगवावयाचे, यांत त्यांच्या सुट्टीच्या दुपारी गेल्या. आमच्या बैठकीच्या खोलींतील एक कपाट या आरमारानें आणि सैन्यानें व्यापलेलें आहे. चाळीस वर्षांच्या संसारांत मीं त्या कपाटाची धूळ नेमानें झटकली. परंतु आंतली एकहि वस्तु कौतुकानें हातांत घेतली नाहीं.

त्यास कारण होतें. माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणींत होते. मणिपुरांतील सांगशाक येथें १९४४ च्या मार्च महिन्यांत जपानी सैन्याशीं जी निकराची झुंज झाली, तींत ते पडले. मीं त्यांना पाहिलें नाहीं. परंतु त्यांची पत्र्याची ट्रंक आजीच्या खाटेखालीं अखेरपर्यंत होती, आणि दिवाळींत ती उघडून आंतील कपडे उन्हांत घालण्याचें काम आजी दुसऱ्या कोणाला करूं देत नसे. अशा घरांत वाढलेल्या मुलीला रणगाडा हें खेळणें वाटावें कसें?

यजमानांना हें ठाऊक होतें. म्हणूनच जपानच्या प्रवासांत त्यांनीं शिझुओकाचें नांव भीतभीतच काढलें. मी म्हटलें, “तुमच्या इतक्या वर्षांच्या हौसेचें तें माहेर आहे. चला, जाऊं. मात्र मला आवडलें पाहिजे, असा आग्रह धरूं नका.”

जपानांत तयार होणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींपैकीं बहुतांश याच परिसरांत तयार होतात. तामिया, आओशिमा, फुजिमि हे कारखानदार येथलेच, आणि बान्दाईनेंहि २००६ सालीं आपलें मोठें निर्मितिकेंद्र येथेंच उघडलें. या व्यवसायाचा शहराला एवढा अभिमान आहे कीं, २०२१ पासून नगरपालिकेनें रस्त्यावर मोठमोठ्या चौकटी उभारल्या आहेत. पेटींतले सुटे भाग जसे एका चौकटींत जडलेले येतात, तसेच टपालपेटीचे आणि टेलिफोनचे भाग त्या चौकटींत मनुष्याच्या उंचीएवढे करून बसविले आहेत. टपालपेटीच्या चौकटींत खरी टपालपेटी आहे. यजमानांनीं तींत आमच्या नातवाला पत्र टाकलें, आणि पत्र पडल्याचा आवाज ऐकून लहान मुलासारखे हंसले.

हा धंदा याच गांवीं कां रुजला, याची कथा मोठी मनोरंजक आहे. तोकुगावा इएयासु या जपानच्या थोर राज्यकर्त्यानें शोगुनपद पुत्राच्या स्वाधीन केल्यावर १६०७ सालीं येथील सुंपु किल्ल्यांत वास्तव्य केलें. किल्ल्याच्या आणि येथील सेन्गेन देवस्थानाच्या बांधकामासाठीं देशोदेशींचे सुतार, नक्षीकाम करणारे आणि लाखकाम करणारे कारागीर जमले. काम संपल्यावर त्यांतले कित्येक येथेंच स्थायिक झाले. त्यांच्या हातांतून लांकडी सामान, लाखेच्या वस्तु आणि बाहुल्यांचा संसार निर्माण होऊं लागला. विमानांचें युग आलें तेव्हां त्याच लांकडी कौशल्यांतून खेळण्यांतलीं विमानें निघालीं. आओशिमांचा उद्योग १९२४ पासूनचा आहे. तामियांची तर १९४६ सालीं लांकूड कापण्याची गिरणी होती. जोडीला त्यांनीं लांकडी प्रतिकृती करावयास घेतल्या. १९५१ सालीं आगींत लांकूड भस्मसात् झालें आणि पुढें प्रतिकृती हाच मुख्य धंदा झाला. १९६० सालीं त्यांनीं काढलेली पहिली प्लॅस्टिकची युद्धनौका, ‘यामातो’, बाजारांत अपयशी ठरली, कारण प्रतिस्पर्ध्याची तशीच नौका स्वस्त होती. त्यानंतर त्यांनीं एक जर्मन रणगाडा काढला. त्याच्या पोटांत मोटार आणि विजेर्‍या मावाव्या, एवढ्याच हिशेबानें त्याचा आकार ठरविला. मागाहून मोजून पाहतां तो मूळ रणगाड्याच्या पस्तीसाव्या हिश्श्याचा भरला, आणि हेंच माप पुढें जगभर रूढ झालें!

स्थानकाच्या दक्षिणेस हॉबी स्क्वेअर नांवाचें प्रदर्शन आहे. तेथून आम्ही एका दुकानांत शिरलों. जमिनीपासून छतापर्यंत पेट्या, रंगाच्या शेंकडों कुप्या, केसाएवढे बारीक कुंचले आणि तऱ्हेतऱ्हेचे चिमटे. गिऱ्हाइकांत शाळकरी मुलें होतीं, तसे पांढऱ्या केसांचे गृहस्थहि होते. कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. आपल्याकडे ग्रंथालयांतहि इतकी शांतता क्वचितच असते. यजमान एका फळीपुढें थांबले. पेटीवर एका जपानी रणगाड्याचें चित्र होतें. त्यांनीं ती हातांत घेतली, माझ्याकडे पाहिलें आणि परत ठेवली. मींहि कांहीं बोललें नाहीं. ते पेटीशिवाय बाहेर आले, आणि आमच्यांत तो रणगाडा बराच वेळ उभा राहिला.

दुपारीं आम्ही सुंपु किल्ल्याच्या उद्यानांत गेलों. १८९६ पासून महायुद्धाच्या अखेरपर्यंत या किल्ल्यांत सैन्याची छावणी होती. आज तेथें हिरवळीवर मुलें चेंडू खेळत होतीं. स्वतः इएयासुनें लावलें असें सांगतात तें संत्र्याच्या जातीचें झाड कुंपणाआड अजून उभें आहे. मोमिजियामा बागेंतील चहागृहांत आम्ही गुडघे मोडून बसलों. शिझुओकाचा हिरवा चहा साऱ्या जपानांत प्रसिद्ध. साखर नाहीं, दूध नाहीं. पहिला घोट कडवट लागतो आणि दुसऱ्या घोटापासून त्या कडवटपणांतच गोडी सांपडूं लागते. यजमान म्हणाले, “तूं म्हणालीस म्हणून पेटी ठेवली असें नाहीं. तुझ्या काकांची आठवण मलाहि झाली.” मी गप्प राहिलें.

उन्हें कलतां कलतां आम्ही सेन्गेन देवस्थानास गेलों. येथील आजचीं मंदिरें १८०४ सालापासून सुमारें साठ वर्षें बांधलीं जात होतीं. तुळयांवरचे प्राणी आणि पक्षी पाहिले म्हणजे या गांवच्या हातांत बारीक कामाची कला कोठून आली, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. देवळामागें शिझुहाता नांवाची टेंकडी आहे. शंभर पायऱ्यांची चढण आम्ही दोनदां बसून चढलों. वाटेंत सहाव्या शतकांतील एक प्राचीन समाधि लागते, आणि माथ्यावरील उद्यानांतून सारें शहर दिसतें.

याच शहरावर १९४५ च्या जून महिन्यांत, १९ आणि २० तारखांच्या मधल्या रात्रीं, अमेरिकन बी-२९ विमानांनीं आगीचा वर्षाव केला. सुमारें दोन हजार नागरिक मृत्युमुखीं पडले. त्या रात्रीं दोन विमानांची आकाशांत टक्कर झाली आणि त्यांतले तेवीस वैमानिकहि मेले. इतो फुकुमात्सु नांवाच्या एका रहिवाशानें, लोकांच्या रोषाची पर्वा न करतां, आपल्या माणसांबरोबर त्या परक्यांनाहि मूठमाती दिली. टेंकडीवर आज नागरिकांचें स्मारक आणि वैमानिकांचें स्मारक शेजारीं शेजारीं उभें आहे. विमानाच्या अवशेषांत सांपडलेली पाण्याची एक होरपळलेली बाटली अद्याप जपून ठेवली आहे. दर वर्षीं जून महिन्यांत जपानी आणि अमेरिकन लोक येथें एकत्र जमतात, आणि त्या बाटलींतून दगडावर मद्याची धार धरून दोन्ही पक्षांच्या मृतांचें स्मरण करतात.

मी त्या दोन दगडांपुढें उभी राहिलें, तेव्हां मला आजीची ट्रंक आठवली. सांगशाकच्या डोंगरांत काकांना मूठमाती कोणी दिली असेल? आमच्या घरीं हा प्रश्न कोणी कधीं मोठ्यानें विचारला नाहीं. त्यांच्या समोर जे जपानी तरुण पडले, त्यांच्याहि घरीं एखादी ट्रंक खाटेखालीं असेल, असा विचार मात्र माझ्या मनांत आजवर आला नव्हता. जें शहर एका रात्रींत जळालें, त्याच शहरांतील माणसांनीं पुढें बी-२९ विमानांच्याहि चिमुकल्या प्रतिकृती विकल्या. त्यांना युद्धाची विस्मृति पडली म्हणून त्यांनीं हें केलें, असें मला आतां म्हणवत नाहीं. तरी माझें मन पूर्ण निवळलें, असेंहि मी सांगणार नाहीं. रणगाडा मला आजहि सुंदर दिसत नाहीं.

उतरतांना मीं यजमानांना म्हटलें, “दुकान बंद होण्यापूर्वीं पोंचूं का आपण?” ते माझ्याकडे पाहातच राहिले. पेटी आम्हांला मिळाली. परत जातांना गांवचें प्रसिद्ध ‘ओदेन’ चाखावें, म्हणून काळ्या रश्शाच्या एका खोपटांत डोकावलों; परंतु तो रस्सा गोमांसाच्या स्नायूंचा, असें कळतांच दोघांनींहि हात जोडले आणि भाताच्या गोळ्यांवर भूक भागवली.

त्या पेटींत रणगाड्याबरोबर त्याच्या सैनिकांच्या आकृतीहि होत्या. पस्तीसपट लहान केलेला मनुष्य म्हणजे जेमतेम पांच सेंटिमीटरांचा. रणगाडा यजमानांनीं जोडला. सैनिकांचे चेहरे मीं मागून घेतले. माझे हात थरथरतात, डोळ्यांना भिंग लावावें लागतें. एका चेहऱ्याला चार संध्याकाळी लागल्या. डोळे काढतांना मी अडले, तेव्हां यजमान म्हणाले, “इतक्या लहान मापांत डोळे दिसत नाहींत, नुसती सावली दिली तरी चालतें.” मीं तरीहि डोळे काढले.

तो सैनिक आतां कपाटांत आहे. धूळ झटकतांना मी त्याला उचलून बाजूला ठेवतें, आणि मग पुन्हां जागेवर ठेवतें.