मूल कोणाचे? आयकर काय म्हणतो



आम्ही बँकेतले कारकून; करसल्लागार नव्हे. तरी मार्च जवळ आला की काउंटरवर हमखास विचारले जाते, मुलाच्या फीची सवलत कोणी घ्यायची?

नुसते मूल आहे म्हणून करात सूट, अशी सोय आज आपल्याकडे नाही. सवलत आहे ती भरलेल्या ट्यूशन फीची. तीही जुन्या करपद्धतीत, प्रॉव्हिडंट फंड व विम्यासह दीड लाखाच्या मर्यादेत. २०२३-२४ पासून आपण निवड केली नाही तर नवी पद्धत लागते व तीत ही सवलत मिळत नाही. देणगी, बसभाडे, खासगी क्लास यांतले काहीच धरत नाहीत. फी ज्याने भरली त्या आईने किंवा बापाने, प्रत्येकी दोन मुलांपुरती, सवलत घ्यावी. एकच रुपया दोघांनी दाखवू नये.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्या कितीतरी घरांत बाप गेल्यावर मुलांना मामा शिकवतो, काका शिकवतो. फी तोच भरतो, पावती त्याच्याच खिशात असते. पण कायद्याला हवे स्वतःचे मूल. भाचा त्यात बसत नाही. आम्हाला हे अन्यायाचे वाटते, पण फॉर्मवर भावनेसाठी रकाना नसतो.

यावर सरळ मार्ग एक. बहीण कमावती असेल व कर भरत असेल, तर मामाने रक्कम तिच्या खात्यात द्यावी. भावाकडून बहिणीला आलेली भेट करमुक्त आहे. फी तिने भरावी, सवलत तिने घ्यावी.

दुसरा मार्ग दत्तकाचा. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. दत्तक मूल करासाठी स्वतःचेच. मात्र नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र म्हणजे दत्तक नव्हे. मूल प्रत्यक्ष देणे-घेणे व्हावे लागते आणि दत्तकपत्र उपनिबंधकाकडे नोंदवलेले असले की पुरावा भक्कम होतो. मुलाचे वय साधारणतः पंधराच्या आत लागते. पण चार पैसे कर वाचावा म्हणून हे करू नका! दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मघराशी कायद्याचे नाते तुटते, वारसाहक्कही बदलतो.

आणखी एक. अज्ञान मुलाच्या नावे मुदतठेव ठेवली की व्याज करातून सुटले, असे पुष्कळजण समजतात. ते व्याज आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. घटस्फोट झाला असेल तर मुलाला सांभाळणाऱ्याच्या. मुलाने स्वतःच्या कष्टाने वा कलेने मिळवलेले मात्र त्याचेच राहते, आणि शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही.