जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुधा देवळांसाठी राखून ठेवलेला आहे. जुन्या शिल्पावर तैलरंगाचे पुट चढविणारा भाविकही स्वतःला उद्धारकर्ताच समजत असतो. अमेरिकेत हाच पेच एका निराळ्या दैवताच्या भक्तांपुढे पडतो. ते दैवत म्हणजे 1960 च्या दशकातील 'मसल कार', मध्यम बांध्याची, पण पोटात भलतेच मोठे इंजिन घेतलेली मोटार.

पॉन्टिअॅकची 1964 ची जीटीओ हे या कुळातील ठळक नाव. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन घालू नये, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पॉन्टिअॅकच्या मंडळींनी असे दाखविले, की जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हेच. टेम्पेस्ट गाडीवर जादा पैसे देऊन घ्यावयाची ती एक सोय आहे! नियमाचे अक्षर पाळून त्याचा अर्थ बुडविण्याची ही कला कचेऱ्यांतून वावरणाऱ्यांना अपरिचित नसावी. आत बसले ते 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन. एका कार्ब्युरेटरवर त्याची शक्ती 325 अश्वशक्ती, तिनांवर 348. अर्थात हे आकडे कागदावरचे. त्या काळी इंजिन गाडीबाहेर ठेवून, त्याच्यावरील नेहमीचा भार काढून मोजीत. 1972 पासून ही रीत सुटली आणि आकडे एकदम खाली आले.

अशी गंजलेली गाडी हाती आलेल्या गृहस्थास पहिला मोह होतो तो शक्ती आणखी वाढविण्याचा. झडपा अधिक उंच व अधिक वेळ उघड्या ठेवणारा नवा कॅमशाफ्ट तो घालतो. वेग वाढला की इंजिन गर्जू लागते. परंतु चौकात उभ्या गाडीचे इंजिन अडखळते, आणि त्याच्या आतील निर्वात ओढ मंदावते. ज्या गाडीत ब्रेकला याच ओढीचे साहाय्य असते, तेथे पायाखालचा ब्रेक जड होतो. म्हणजे धावण्याची ताकद वाढविताना थांबण्याची ताकद घटते, आणि हे दुकानदाराच्या जाहिरातीत लिहिलेले नसते.

मुळात या गाडीचे ब्रेकच दुबळे. चारही चाकांना ड्रम. उतारावर वारंवार दाबले की ते तापतात आणि पकड सोडतात. त्यातून ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच. एका चाकाशी नळी फुटली, तर चारही चाके मोकळी. पुढे 1967 च्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग आले आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मागवून घेता येऊ लागले. तेव्हा पहिला पैसा येथेच खर्चावा, हे उघड आहे. त्यानंतर रेडियल टायर, मग पाणी थंड राखणारा चांगला रेडिएटर. शिसेविरहित पेट्रोलवर जुन्या झडपांच्या बैठका झिजतात; इंजिन खोललेच असेल, तर तेथे कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. बाहेरून यांतले फारसे काही दिसत नाही.

पाच गतींच्या नव्या गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. लांबच्या रस्त्यावर इंजिनाचे ओरडणे त्याने थांबते खरे. परंतु तो बसविण्यासाठी कित्येकदा गाडीचा तळ कापावा लागतो. येथे मात्र जुन्याचा कैवार घेणाऱ्यांचेच म्हणणे रास्त आहे. बोल्ट काढून जे पूर्ववत करता येते ते करावे. पत्रा कापला की तो कापलाच. पॉन्टिअॅकचे नावच 2010 मध्ये बाजारातून उठले, त्यामुळे मूळ तळाची गाडी कारखान्याकडून पुन्हा मिळावयाची नाही.

जाणते कारागीर म्हणूनच काढलेला प्रत्येक भाग टाकून देत नाहीत. तिन्ही कार्ब्युरेटर स्वच्छ करून, तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळतात आणि पेटीवर गाडीचा क्रमांक लिहितात. गाडी विकली गेली, की ती पेटीही तिच्याबरोबर नव्या धन्याच्या घरी जाते.