शिन्खू : कष्टांची दखल घेणारा चिनी शब्द

आजचं चिनी विशेषण आहे 'शिन्खू'. 'शिन्' वरच्या पट्टीत सरळ धरा, 'खू' आवाज खाली नेऊन म्हणा. शिन् म्हणजे तिखट, खू म्हणजे कडू. कारल्याला चिनीत 'खूक्वा' म्हणतात, त्यातला खू हाच. दोन्ही मिळून अर्थ होतो कष्टाचं, दमवणारं.

'कुंगत्स्वो हन् शिन्खू', म्हणजे काम फार कष्टाचं आहे. आपल्या 'आहे'साठी इथे वेगळा शब्द नाही. विशेषणाआधी 'हन्' आलं की झालं. पण गणित अवघड असेल तर 'नान्' म्हणायचं. शिन्खू म्हणजे माणसाच्या अंगावर पडलेले कष्ट.

मला त्याचा पुढचा वापर फार आवडतो. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला चीनमध्ये 'शिन्खू ल' म्हणतात. म्हणजे, तुम्हाला फार कष्ट पडले हो! 'शिएशिए' हे साधे आभार. यात मात्र श्रमांची दखल आहे. आपण ४ मजले चढून आलेल्याला 'थँक्यू' म्हणतो आणि दार लावतो. 'दमलात ना? पाणी देऊ?' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

आज एकाला तरी म्हणून बघा. भेटू पुढच्या भागात!