हक्काचे मागायला लाज कसली?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने भाषण करावे, हे मलाच आधी पटत नव्हते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही जे केलेत तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर वारले. कारखान्यात त्यांची सहा वर्षे नोकरी झाली होती. मागे दोन लहान मुले. दिवसकार्य उरकले, तोच एक गृहस्थ घरी आले. म्हणाले, "दहा वर्षे भरली नाहीत, पेन्शन बसत नाही. पाच हजार द्याल तर बसवून देतो." धाकटी जाऊ मंगळसूत्राची डबी घेऊन माझ्याकडे आली. "अक्का, आता हे ठेवून काय करू? मोडून आणा." खरे सांगते, मी डबी घेतली आणि सोनाराकडे निघालेही.

वाटेत तालुक्याचे कोर्ट लागते. तिथली मोफत विधी सेवेची पाटी मी वर्षानुवर्षे पाहत होते. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हेच लहानपणापासून ऐकलेले. त्या दिवशी मात्र चढले.

आत एक वकीलबाई होत्या. त्यांनी समजावून सांगितले, की १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला सल्ला आणि वकील फुकट मिळतो. उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. आणि दहा वर्षांची अट कामगाराच्या स्वतःच्या म्हातारपणच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना तो गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते. शिवाय दोन मुलांना पंचवीस वर्षांची होईपर्यंत. अर्ज '१० डी' नावाचा; त्याला फी नाही.

पुढे सगळे सुरळीत झाले असे नाही. दिरांचे नाव आधारकार्डावर एक आणि कारखान्याच्या दप्तरी दुसरे. खिडकीवरून दोनदा "उद्या या" ऐकले. जाऊ रडकुंडीला आली. मग वकीलबाईंनी लेखी तक्रार लिहून दिली. दर महिन्याच्या २७ तारखेला भविष्य निर्वाह निधीचे शिबिर जिल्ह्यात भरते. तिथे आम्ही कागद घेऊन गेलो. सातव्या महिन्यात पैसे सुरू झाले, मागची थकबाकीही मिळाली. रक्कम मोठी नाही. पण मुलाच्या वह्यांसाठी आता तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

मी यातून तीन गोष्टी शिकले. कागद देताना पोच घ्यावी. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नये, नक्कल द्यावी. आणि "पैसे द्या, काम करतो" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. कोर्टापर्यंत जाणे जमत नसेल तर १५१०० या नंबरावर फोन करावा, तोही फुकटच.

भगिनींनो, नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी कुठे ठेवली आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मलाही ठाऊक नव्हते. आज घरी गेल्यावर तेवढे विचारा. त्यात अशुभ काही नाही.

कोणाला सोबत हवी असेल तर मी येईन. मला इंग्रजी येत नाही, पण रांगेत उभे राहता येते. ती डबी अजून जाऊबाईंच्या कपाटात आहे.