राज्यांचे संघ आणि विज्ञानाचे सहकार्य



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून, 'युरोपातील राष्ट्रांच्या फारकतीशी शाहूपुरीला काय कर्तव्य?' असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ही पेठ शाहू महाराजांनी 1895 साली वसविली आणि गुळाच्या व्यापारावर ती वाढली. येथले रवे गुजरातेपर्यंत जात. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते 1 मार्च 1949 रोजी. म्हणजे त्याआधी येथला अडत्या आणि बाहेरचा व्यापारी हे एका राज्याचे प्रजाजन नव्हते. तरीही व्यवहार चालला, कारण तराजू दोघांनाही मान्य होता आणि वहीत लिहिलेला शब्द पाळला जात होता. राज्य एक नसताना व्यवहार एक राहू शकतो काय, आणि राहिला तर कशाच्या बळावर, हाच आजचा प्रश्न आहे. फक्त येथे गुळाच्या जागी ज्ञान आहे.

ब्रिटनमध्ये 23 जून 2016 रोजी सार्वमत झाले आणि 31 जानेवारी 2020 रोजी तो देश युरोपीय संघातून बाहेर पडला. संघाची 'होरायझन युरोप' नावाची संशोधनयोजना आहे. सात वर्षांत पंच्याण्णव अब्जांहून अधिक युरो वाटणारी ही जगातील मोठ्या योजनांपैकी एक होय. बाहेर पडताना डिसेंबर 2020 मध्ये जो करार झाला, त्यात ब्रिटनने सहयोगी देश म्हणून या योजनेत राहावे असे तत्त्वतः ठरले होते. शास्त्रज्ञांना ते हवे होते, दोन्ही सरकारांनाही हवे होते. तरीही प्रत्यक्षात तीन वर्षे दार बंद राहिले.

ते का बंद राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. भांडण विज्ञानाचे नव्हते. उत्तर आयर्लंडमध्ये येणाऱ्या मालाची तपासणी कोठे करावी, या जकातीच्या वादात संशोधनाचा करार अडकून पडला. ज्यांना स्पर्धेत युरोपीय संशोधन परिषदेचे अनुदान मिळाले होते, अशा ब्रिटनमधील अनेक शास्त्रज्ञांसमोर 2022 मध्ये पेच उभा राहिला: संघातील एखाद्या देशात बिऱ्हाड हलवा, नाही तर अनुदानावर पाणी सोडा. ब्रिटिश सरकारने पदरचे पैसे देऊन पुष्कळांना सावरले. परंतु पैसा भरून देता येतो; चार देशांतील माणसे मिळून जे काम चालवितात, त्यातील पुढारीपण गेले तर ते भरून देता येत नाही. अखेर सप्टेंबर 2023 मध्ये समेट झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून ब्रिटन पुन्हा त्या योजनेत सामील झाले. अणुसंशोधनाच्या 'युराटम' योजनेत मात्र ते त्या वेळी परत गेले नाही.

यावरून कोणी असे म्हणेल की, राज्यसंघ मोडला की विज्ञानाचे सहकार्यही मोडते. तथापि हे अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे पाहण्यासाठी आपल्याला लंडनला जाण्याचे कारण नाही. नारायणगावापर्यंत गेले तरी पुरे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची ती मिळून झालेली आहे. आकाशात काही स्पंदक तारे असे आहेत की, ते सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि दर गिरकीला त्यांचा रेडिओ-ठोका आपल्याकडे येतो. उत्तम घड्याळासारखे हे ठोके नियमित असतात. दूरच्या विश्वातील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना गुरुत्वाच्या ज्या लाटा उठवितात, त्यांमुळे या ठोक्यांच्या येण्याच्या वेळेत सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही लहान फरक पडतो. तो पकडावयाचा तर वर्षानुवर्षे नोंदी ठेवाव्या लागतात आणि अनेक देशांच्या दुर्बिणी लागतात.

29 जून 2023 रोजी युरोपीय आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या गटांनी अशा लाटांचा पुरावा मिळत असल्याचे एकत्र जाहीर केले. पंचवीस स्पंदक ताऱ्यांच्या सुमारे पंचवीस वर्षांपर्यंतच्या त्या नोंदी होत्या. त्यांत जर्मनीची, फ्रान्सची, नेदरलँड्सची, इटलीची दुर्बीण होती; ब्रिटनमधील जॉड्रेल बँकची होती; आणि आपल्या खोडदची होती. तारीख ध्यानात घ्या. जून 2023 म्हणजे ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातील संशोधनाचे दार अजून बंद असतानाचा काळ! दार सरकारी योजनेचे बंद होते. नोंदींचे उघडेच होते. खोडदच्या दुर्बिणीला त्यांत स्थान मिळाले ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. कमी कंप्रतेच्या लहरी ती उत्तम टिपते, आणि ताऱ्यांमधील विरळ वायूमुळे ठोक्यांना होणारा विलंब वजा करण्यास त्याच नोंदी उपयोगी पडतात. ज्याच्यापाशी स्वतःचे साधन आहे, त्याला पंगतीतून उठविणे अवघड जाते.

याहून जुने उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे 1841 पासून होऊ लागली. तेव्हा राज्य कंपनी सरकारचे होते. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावरील उद्रेकाने मोठे चुंबकीय वादळ झाले, तेव्हा राज्य राणीचे होते. त्या वादळाची नोंद कुलाब्यास झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांमुळे चुंबकसूची विचलित होणार, म्हणून 1904 मध्ये अलिबागेस वेधशाळा काढली आणि काही काळ दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवून जुन्या नोंदींशी नव्यांचा सांधा जुळविला. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी ग्रंथरूपाने जगापुढे ठेवल्या. 1947 मध्ये आपण साम्राज्याबाहेर पडलो. झेंडा बदलला, पण अलिबागची नोंदवही बंद पडली नाही. 1859 च्या कुलाब्याच्या आकड्यांवरून ते वादळ किती प्रखर होते याचा हिशेब शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. आज आकाशात उपग्रह आहेत आणि घरोघर वीज आहे. तसे वादळ पुन्हा आले तर काय होईल याचा अंदाज करताना त्या आकड्यांचा आधार घ्यावा लागतो.

मग कोणते सहकार्य टिकते आणि कोणते तुटते? आम्हांस असे दिसते की, जे सहकार्य मोठ्या राजकीय कराराचे एक कलम म्हणून जगते, ते त्या कराराच्या प्रत्येक भांडणात ओढले जाते. जे स्वतःच्या पायावर, स्वतःच्या करारावर उभे असते, ते अधिक टिकते. 1875 मध्ये पॅरिसला सतरा देशांनी वजनमापांचा करार केला. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, साम्राज्ये गेली, पण तो उभा आहे. भारत त्यात 1957 मध्ये आला, आणि शेर-मण जाऊन आपल्या गूळ बाजारात किलो आला. जिनिव्हाजवळची 'सर्न' ही अणुगर्भाच्या संशोधनाची संस्था 1954 साली स्वतंत्र कराराने स्थापन झाली. म्हणूनच ब्रिटन संघातून गेले तरी तिचे सभासद राहिले, आणि युरोपाबाहेरचा भारतही 2017 पासून तिचा सहयोगी सभासद झाला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर याच सर्नने रशियाशी असलेला सहकार्याचा करार नोव्हेंबर 2024 मध्ये संपविला. शीतयुद्धातही जे दार उघडे होते ते मिटले. तेव्हा विज्ञान राजकारणाच्या वर तरंगते, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. युद्ध आणि जकात यांत फरक आहे हे खरे; परंतु स्वतंत्र करार ही भक्कम भिंत असली तरी अभेद्य भिंत नव्हे, हेही तितकेच खरे.

म्हणून आपण कशाची तजवीज करावी? पहिली गोष्ट, स्वतःचे साधन आणि अखंड ठेवलेली स्वतःची नोंदवही. भारत सरकारने 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीसाठी 1,250 कोटी रुपयांचा सहभाग मंजूर केला. तिच्या तबकड्या दक्षिण आफ्रिकेत आणि अँटेना ऑस्ट्रेलियात, तर मुख्य कचेरी जॉड्रेल बँकेत. त्या मंडळात आपण रिकाम्या हाताने गेलेलो नाही. खोडदचा अनुभव घेऊन गेलो आहोत. दुसरी गोष्ट, एकाच दारावर भिस्त नसावी. कोल्हापूरचा जो विद्यार्थी परदेशी संशोधनास जातो, त्याचे भवितव्य त्याला ठाऊकही नसलेल्या एखाद्या जकातीच्या वादावर अवलंबून राहता कामा नये. आणि तिसरी गोष्ट आपणां नागरिकांची. वेधशाळेवर, विद्यापीठावर होणारा खर्च पाहून 'याचा उपयोग काय?' असे आपण विचारतो. विचारावे, पण 1859 साली कुलाब्यास काट्याकडे पाहत बसलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारून कोणी घरी पाठविले असते, तर आज जगाला ते आकडे कोठून मिळाले असते?

राज्ये जोडली जातील आणि मोडतील. तो त्यांचा स्वभाव आहे. आपला तराजू खरा आहे आणि आपली वही पुरी आहे, एवढे आपण पाहिले, तर पलीकडच्या व्यापाऱ्याला आपल्याकडे यावेच लागेल. शाहूपुरीला हे नव्याने सांगण्याची गरज नाही.