म्हशीची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई शास्त्रावर बोलायला उभी राहिले म्हणून हसू नका. मी म्हशीविषयीच बोलणार आहे, आणि वसईत तबेले काही कमी नाहीत.

चरवीचा आवाज कानी आला की आमची म्हैस आचळाला हात लागण्याआधीच पान्हावते. हात नवखा असला तर कास भरलेली असूनही दूध चोरते. सासूबाई तिला लबाड म्हणत. गुरांच्या डॉक्टरांनी निराळेच सांगितले. आचळाला स्पर्श झाला की ती वर्दी मज्जातंतूंतून, पाठीच्या कण्यातून, मेंदूच्या तळाशी पोचते. तेथे ऑक्सिटोसिन नावाचे पेप्टाइड तयार होते; नऊ अमिनो आम्लांची ती इवलीशी साखळी. ते रक्तातून कासेत आले की दूध आचळात उतरते. रोजची सवय मेंदूत रुजली की नुसत्या चरवीच्या आवाजानेही तेच घडते. जनावर घाबरले तर मात्र सारे अडते. म्हणजे लबाडी कसली, ती आठवण!

हेच द्रव्य मेंदूच्या आतही काम करते. मेंढी व्याल्यावर सुमारे दोन तासांत आपल्या कोकराचा वास ओळखून ठेवते, आणि परके कोकरू आले तर त्याला ढुशी मारते. इंग्लंडमधील संशोधकांनी १९८७ साली, आधी संप्रेरके दिलेल्या पण गाभण नसलेल्या मेंढ्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले, तर त्या परक्या कोकरांची माया करू लागल्या.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या म्हशीचे पारडू मेले आणि ती दूध देईना. माझ्या माहेरी अशा वेळी मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवीत. तिला चाटता चाटता पान्हा फुटे. मला ते करवेना. कोणीतरी ऑक्सिटोसिनची सुई आणून दिली. काही मिनिटांत चरवी भरली! मग मी रोजच देऊ लागले. महिन्याभरात सुईवाचून ती धार सोडीनाशी झाली. सुईचे द्रव्य कासेत पोचते, पण रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही. आठवण काही त्याने रुजत नाही. डॉक्टर रागावले. दूध वाढवायला जनावराला अपायकारक सुई देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही तेव्हाच कळले.

सुई बंद केली. रतीब बुडाले, यजमान चार शब्द बोलले. मी रोज ठरल्या वेळी आंबोण पुढे ठेवी, चरवी वाजवी, कोमट पाण्याने कास धुई आणि बसून राही. चौदाव्या दिवशी चरवी वाजवली, तशी तिने मान वळवली आणि हात लावायच्या आधीच आचळे ताठ झाली.