दोन हंगाम

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी गंगाखेड येथे पालक व युवक यांच्यापुढे केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा हा प्रश्न पडला. धर्मग्रामाचा इतिहास सांगावयास माझ्याहून अधिकारी माणसे येथे बसली आहेत. मी तर शाळेच्या पटांगणावर मुलांबरोबर चेंडूमागे धावण्यात आयुष्य घालविलेला एक साधा शिक्षक. म्हणून चेंडूविषयीच बोलतो. विषय हलका वाटेल, परंतु मूल ज्या ठिकाणी मनापासून रमते, त्या ठिकाणी त्याचा स्वभाव जितका स्पष्ट दिसतो, तितका तो परीक्षेच्या कागदावर दिसत नाही.

फुटबॉल आणि आपले धर्मगुरू यांचा संबंध जुना आहे. विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी १८८३ साली गोव्यातील शिवोली येथे मुलांस हा खेळ शिकविला, असे तेथील क्रीडेतिहासात सांगतात. पुढे त्याच गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत खेळून नावारूपास आलेले नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. तो सामना भारताने ४-२ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत आपला देश चौथा आला. त्याहीपूर्वी, १८४१ साली, तुरिन शहरी संत जॉन बॉस्को यांनी रस्त्यावरच्या पोरक्या मुलांस जवळ केले, तेव्हा प्रार्थना आणि पाठ यांच्या जोडीला त्यांनी पटांगणही ठेविले. शिक्षकाने मुलांवर दुरून पाळत ठेवू नये, त्यांच्यात मिसळून खेळावे, हा त्यांचा आग्रह होता. जो आपल्याबरोबर धावतो त्याचेच मुले ऐकतात, हे त्यांनी ओळखले होते.

आता मुलांच्या वाढीविषयी. दहा वर्षांचे मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. मोठ्यांचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर परिघाचा व ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. लहानांस त्याहून लहान चेंडू, लहान मैदान व थोडे गडी द्यावेत, म्हणजे प्रत्येकाच्या पायाशी चेंडू अधिक वेळा येतो. चेंडू डोक्याने मारण्याचा सराव लहान वयात करवू नये, असे आता अनेक देशांत मानितात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० साली प्राथमिक शाळेच्या मुलांकरिता तसा सराव बंद करण्याची सूचना दिली. आपली काळी जमीन तर पावसाळ्यात पाय धरून ठेविते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर मुलांस दमेपर्यंत पळविण्यात पुरुषार्थ नाही. एकाच मुलास कायमचा गोलरक्षक आणि दुसऱ्यास कायमचा राखीव गडी करून ठेवू नये. सर्वांस सर्व जागी खेळवावे. कोणाची वाढ केव्हा होईल, हे शिक्षकास आधी कळत नाही.

शालेय स्पर्धांत जिंकण्याची घाई फार. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या असतात, आणि चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. त्या गटांत बसविण्याकरिता मुलाचे वय कमी दाखविण्याचा मोह मोठ्या माणसांस होतो. जागतिक संघटनेस तर २००९ पासून सतरा वर्षांखालील स्पर्धेत मनगटाच्या हाडांची तपासणी करावी लागली. हाडांची तपासणी चुकविता येईल, परंतु ज्या मुलाने आपल्या वडीलधाऱ्यांस आपल्याकरिता खोटे लिहिताना पाहिले, त्याच्या मनावरचा डाग कसा धुवावा?

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगतो. कोल्हापुरात तालमींनी फुटबॉल जोपासला. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची नावे तेथे घरोघरी ठाऊक आहेत. त्याच शहरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळला. आपला संघ अमेरिका, कोलंबिया व घाना या तिघांकडूनही हरला. नऊ गोल स्वीकारले, एकच केला. तरी तो एक गोल विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल होता. पराभवातही मुले पुढे जातात, त्यांस वेळ मात्र मिळाला पाहिजे.

आणि वेळ हीच आपल्या गंगाखेडची अडचण आहे. आपल्याकडे दोन हंगाम एकमेकांस भिडतात. पावसाळ्यात चेंडूचा हंगाम सुरू होतो. तो रंगात यावा तोच दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम उभा राहतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. टोळी गाडीत बसते आणि मुलेही आईबापांमागे परमुलखी जातात.

माझ्या संघात तेरा वर्षांचा एक गोलरक्षक होता. तालुक्याचा सामना त्याच्यामुळे जिंकलो. जिल्ह्याच्या सामन्यास चार दिवस उरले असता तो सकाळीच घरी आला. शाळेने दिलेले बूट धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. म्हणाला, “गुरुजी, दुसऱ्या कोणाला द्या.” मी बूट घेतले. ‘गड्या, लवकर ये,’ एवढेच बोललो आणि त्या जागी कोणास उभे करावे याचा विचार करू लागलो.

चैत्रात तो परतला. वाढ्यांच्या पेंढ्या बांधून हातांस घट्टे पडले होते. वर्गातले धडे पुढे गेले होते. खाली मान घालून बसण्याची लाज वाटून तो शाळेत आलाच नाही. बंधुभगिनींनो, त्याची उडी किती उंच हे मला ठाऊक होते, पण त्याच्या घराचे दार मी एकदाही पाहिले नव्हते. तो दोष माझा.

पुढल्या वर्षी मी नवरात्रातच दुसऱ्या एका मुलाच्या घरी गेलो. आईबाप जाणारच होते. त्यांस मी काय अडविणार! परंतु आजी गावी राहणार होती. शासनाच्या योजनेतून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत अशा मुलांच्या भोजनाची सोय होते, हे मी तिला समजाविले. तिने सुनेकडे पाहिले व म्हणाली, “राहू दे त्याला माझ्यापाशी.” तो मुलगा काही मोठा खेळाडू झाला नाही. दहावी मात्र झाला, आणि आज लहान मुलांस खेळविताना शिट्टी तोच वाजवितो.

म्हणून महोत्सवाच्या दिवशी माझी मागणी चषकाची नाही. दसऱ्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने, मूल कोणत्याही धर्माचे वा जातीचे असो, जाणाऱ्या एका घरी जाऊन विचारावे: मुलाजवळ मागे कोण राहील? उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर आपल्या अंगणात त्याला जागा द्यावी.

जनाबाईंच्या या गावी, गोदावरीच्या काठी, मुलांचा हंगाम अर्ध्यावर मोडू नये, एवढी कृपा परमेश्वराने आपणांवर करावी.